नंबर तोच राहतो

"नंबर तोच राहतो ना?" बाइंडरनं तिसऱ्यांदा विचारलं.

"तोच राहतो, काका," सिमवाला म्हणाला. "फक्त कंपनी बदलते. महागातली सोडायची, स्वस्तातली घ्यायची. बाकी काडीचा फरक नाही."

"नाही, म्हणजे आमच्या मुलीकडे हाच नंबर आहे."

"मग लागेल की तिचा."

शेजारी बसलेली बायको पर्सची चेन तेवढी उघडत-मिटत राहिली.

मुलगी घर सोडून गेली त्याला चार वर्षं झाली होती. मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा बाइंडर छापखान्यात गेला होता. शिवायची पानं घेऊन परत आला, तर घरात एकटी बायको. "पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही म्हणाली," असं सांगून ती ढसाढसा रडली. मुलीचा जुना नंबर आठवड्याभरात बंद पडला. नवा मिळवायला बाइंडरनं तिच्या मैत्रिणींचे उंबरे झिजवले, पण कुणालाच ठाऊक नव्हता.

तेव्हापासून पुस्तकं शिवताना तो फोन डोळ्यांसमोर ठेवायचा. हात खळीनं बरबटलेले असले तरी वाजला की एका बोटानं उचलायचा. वह्या कधी मिळणार, एवढंच विचारायला लोक फोन करायचे.

कोड्यात टाकलं होतं ते बायकोनं. बाई चिक्कू म्हणजे किती? शिलाईतून उरलेले वीतभर दोरे गाठी मारून पुन्हा वापरणारी. साबणाचा उरलेला पापुद्रा नव्या वडीला चिकटवणारी. स्वतःच्या फोनसाठी तिनं कधीचीच स्वस्तातली कंपनी धरली होती. पण बाइंडरच्या फोनची गोष्ट निघाली की बाईचा हात एकदम सैल.

"राहू द्या हो, महाग तर महाग," ती म्हणायची. "बदलाबदलीत काही बिघडलं आणि नेमका पोरीचा फोन चुकला तर?"

हे म्हणताना तिचे डोळे भरून यायचे. ते बघून बाइंडर दोन वर्षं जास्तीचे पैसे भरत राहिला. फोनमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्या फोनचंही सगळं तीच बघायची. या महिन्यात कंपनीनं पुन्हा पैसे वाढवले तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं आणि तो तिला घेऊन इथे आला.

सिमवाल्यानं कंपनी सोडत असल्याचा मेसेज पाठवला. पाच मिनिटांत जुन्या कंपनीच्या बाईचा फोन आला. बायकोनं तो बाइंडरच्या हातातून घेतला, ऐकला आणि म्हणाली, "ही अर्ध्या पैशात देते म्हणतेय. राहायचं का?"

"पैशांचं काही नाही म्हणत होतीस ना तू?"

बायको सिमवाल्याकडे वळली. "जुन्या कंपनीत ज्या काही सोयी घेतलेल्या असतात, त्या तशाच राहतात का हो?"

"नाही काकू, त्या सगळ्या जातात. इथे कोरी पाटी."

"परत घेता येतात?"

"स्वस्तातली कंपनी आहे, काकू. इथे फोन लागतो आणि फोन येतो. बाकी लाड नाहीत."

"आपल्याला तरी आणखी काय हवंय?" बाइंडर हसून म्हणाला.

बायकोला एकदम घेरी आल्यासारखं झालं. सिमवाल्यानं पाणी दिलं. बाइंडरनं घाईघाईनं अंगठा टेकवला आणि तिला घरी आणलं.

चौथ्या दिवशी जुनं सिम मेलं आणि नवं जिवंत झालं. स्वस्तातल्या कंपनीचा हिसका लगेच कळला. कामाच्या टेबलापाशी फोनला रेंजच नाही. मिळायची ती फक्त खिडकीत. बाइंडरनं कापडी पिशवी शिवली, तिच्यात फोन घातला आणि पिशवी खिडकीच्या गजाला टांगली.

"माझ्याकडे द्या, मी सांभाळते," बायको म्हणाली. "तुमचं काम खोळंबतं."

"असू दे तिथंच."

दोन दिवस हेच चाललं. फोन वाजला की त्याच्याआधी ही खिडकीशी. ओल्या हातांनी, अनवाणी, धापा टाकत. बाइंडरला गलबलून आलं. आपण हट्टानं कंपनी बदलली आणि या बिचारीचा जीव टांगणीला लावला, असं वाटून त्याला स्वतःचाच राग आला. तो तिला म्हणालाही, "अगं, येईल तिचा फोन. इतका घोर लावून घेऊ नकोस."

तिनं मान खाली घातली.

बुधवारी दुपारी बाइंडर खिडकीपाशीच पुठ्ठा कापत होता. फोन वाजला. नंबर अनोळखी होता. टेबलावर पानं शिवणारी बायको सुई टाकून उठली.

"उचलू नका. कंपनीवाल्यांचा असेल."

त्यानं उचलला.

"बाबा?"

बाइंडर फोन कानाशी घट्ट धरून नुसतं "हं" म्हणाला.

"बाबा, लागला," असं म्हणून मुलगी रडायलाच लागली. "दर बुधवारी लावते मी. दर वेळी तेच ऐकू येतं, तुमच्या नंबरवरून येणारे फोन या ग्राहकानं बंद केलेत म्हणून. आज पहिल्यांदा रिंग गेली."

"बंद? मी कशाला बंद करू, बाळा? चार वर्षं या फोनला चिकटून बसलोय मी."

मुलीनं रडणं आवरलं.

"पण आईचा तर दर शनिवारी फोन असतो, बाबा. ती म्हणते, तुमचा राग अजून उतरला नाही."