अंगठ्यावरचा हिरवा उजेड

"बाबा, परत हिरवा!" मैथिली रडकुंडीला आली. दारावरच्या, जंतू हिरवे चमकवून दाखवणाऱ्या दिव्याखाली तिचे हात स्वच्छ दिसत होते, फक्त उजवा अंगठा जंतूंनी हिरवागार चमकत होता. एवढंसं जरी चमकलं, तरी इस्पितळातल्या बाळांच्या खोलीचं दार उघडत नसे. आत तिचा अशक्त भाऊ जन्मल्यापासून काचेच्या पेटीत होता आणि आज पहिल्यांदाच आईच्या मांडीवर आला होता.

उमेशने तिचा अंगठा निरखून पाहिला. पोरीला कसला संसर्ग तर नाही? त्याने तिला पुन्हा बेसिनपाशी नेलं. साबण लावून बोटांच्या बेचक्या, नखं आणि तो अंगठा त्याने स्वतः चोळून धुतला. मग दोघं रांगेत उभे राहिले. पुढच्या आजीबाई आत जाईपर्यंत मैथिलीचा अंगठा अलगद तोंडात गेला.

"अगं लबाडे! तरीच!" उमेश इतक्या जोरात हसला की नर्सने डोळे वटारले.

या खेपेला धुतल्यावर त्याने तिचा हात आपल्या धुतलेल्या मुठीत गच्च धरून ठेवला. हिरवा ठिपकासुद्धा उमटला नाही. दार उघडलं.

बाळाने ताईचा नेमका तोच अंगठा पकडला आणि सरळ आपल्या तोंडाकडे ओढला.