समोरचा माणूस

दुकानदाराने बटण दाबलं आणि मशीन किंचाळू लागली. खडबडीत सागवानी फळी एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येऊ लागली. गुळगुळीत, सगळीकडे सारख्या जाडीची. एवढ्या कामाला अहेरीत जाफरच्या घरामागच्या शेडमध्ये अर्धी दुपार जायची.

तीही दोघं मिळून. मोठा रंधा जाफर मागून ढकलायचा आणि डोमा समोरून दोरीने ओढायचा. दोघांच्याही मिशा काळ्या होत्या तेव्हापासून हे असंच चाललं होतं. आता जाफरचा उजवा खांदा वर जात नव्हता. म्हणून सकाळची बस धरून दोघं चंद्रपूरला मशीन बघायला आले होते.

डोमा सवयीनेच मशीनच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता. बाहेर येणारी फळी त्याने दोन्ही हातांवर झेलली.

“सोडा बाबा, आपोआप येते ते,” दुकानदार ओरडला.

डोमाने सोडली नाही.

मोठी मशीन जाफरच्या मनात भरली होती, पण ती घरच्या लाइनीवर चालणार नव्हती. म्हणजे ही लहानच घ्यावी लागणार. त्याने फळीवरून बोट फिरवलं, एक डोळा मिटून तिची कड पाहिली आणि मान हलवली.

“फक्त एक गोष्ट आहे, चाचा,” दुकानदार म्हणाला. “लांब फळी बाहेर आली का झुकते. मंग टोकाजवळ पातं लाकूड जास्त खाते. त्याच्यासाठी हा स्टँड.” त्याने रोलर बसवलेला एक लोखंडी स्टँड पुढे ओढला. “फळी याच्यावरून सरकत जाते. दुसरा माणूस नाई लागत.”

“स्टँड नको,” जाफर लगेच म्हणाला. “माह्याकडं माणूस हाय.”

“अहो, पण रोज रोज माणूस...”

“सांगितलं नं. नको.”

बसमध्ये येताना सगळ्या वाटेत त्याला हीच चिंता होती, मशीन आली म्हणजे डोमाचं काय. ती अशी सहज मिटली. त्याने डोमाकडे पाहिलं.

डोमाने हातातली फळी सावकाश भिंतीला टेकवून ठेवली.

“भाऊ, स्टँड घ्या.”

“काऊन?”

“सकाळी मूठ उघडत नाई माही. घरवाली गरम पाण्यात धरते हात, तवा कुठी बोटं हालतेत. मंग येतो मी.”

जाफर बघत राहिला. “मंग बोलला काऊन नाई इतके दिवस?”

“तुमी एकटे पडसान म्हून.”

जाफर तिथल्याच एका खोक्यावर बसला. दुसऱ्या हाताने तो खांदा चोळत होता.

“आन मी तुह्यं घर कसं चालन म्हून बोलावत होतो,” तो म्हणाला. “खांदा गेला तवाच बंद करून टाकलं असतं सारं.”

“घर चालते. पोरगा कमावते आता.”

दोघांनाही हसू यायला हवं होतं. कोणी हसलं नाही. मशीनखाली पडलेले लाकडाचे छिलके पंख्याच्या वाऱ्याने इकडून तिकडे सरकत होते.

“स्टँड बी द्या,” जाफर दुकानदाराला म्हणाला.

मशीन बसस्टँडपर्यंत न्यायला हातगाडी आली. ती खोक्यानेच भरून गेली, स्टँड ठेवायला जागा उरली नाही. डोमाने वाकून तो उचलला आणि खांद्यावर घेतला.

“दे इकडं,” जाफरने हात पुढे केला. “तुह्ये हात दुखतेत.”

“राहू द्या, भाऊ. हलका हाय.”

आणि तो हातगाडीच्या मागे चालू लागला.