मागे न चालणारं शिंगरू

कुंभिवलीच्या फाट्यावर मालोजीने शिंगराला घोडीच्या मागे बांधलं आणि ते पुन्हा अडलं. चारही पाय रोवून त्याने दाव्याला असा हिसडा दिला, की मालोजी पडता पडता वाचला.

“याला कोकणचा लळा लागलाय,” तो चिडून म्हणाला. “देशावर जायचंच न्हाई याला.”

पाऊस तोंडावर आला होता. मेंढरं पुढे गेली होती, उद्या बोरघाट चढायचा होता. धनगरांची रीत ठरलेली: मेंढरं बाप्यांनी राखायची, घोडी बायांनी. बिऱ्हाड लादायचं, घोडी चालवायची, सगळं ठकीकडे. तिचा नवरा मालोजी शंभरांत शिंकणारी एक मेंढी ओळखायचा, पण घोडीच्या अंगाला त्याचा हात वर्षात एकदा लागला तर लागला.

शिंगरांचीही एक रीत असते, आईच्या शेपटामागून चालायची. कार्तिकात दहिवलीला जन्मलेलं हे दीडशहाणं मात्र पुढेच चालणार. मागे बांधलं की संप! त्यात ठकीने गळ्यात घुंगरू बांधून त्याला आणखी डोक्यावर चढवलं होतं. बारा वर्षं हा घाट चढलेली आई गुमान पोराच्या मागून चालायची.

मालोजीला असला उलटा कारभार खपत नसे. नीट चालत नाही ते जनावर ठेवायचं नाही, हा त्याचा कायदा. गेल्या साली एक घोडी लंगडायला लागली, तर त्याने ती खालापूरलाच विकली. ठकी चार दिवस जेवली नव्हती.

आज त्याने दहिवलीच्या वाल्मिकला फोन करून बोलावलं होतं. वाल्मिक वरातींना घोडे द्यायचा. मोटारसायकलवरून उतरून त्याने शिंगराचे पाय चाचपले, जाता जाता घोडीच्या मानेवर थाप मारली. घोडी केवढी दचकली.

“परक्या माणसाचा हात चालत न्हाई तिला,” ठकी झटकन मधे आली.

“शिंगरू चांगलं हाय, काका. नेतो मी,” वाल्मिक म्हणाला.

ठकीने घोडीवरचे दोर सोडले. भांडी, घोंगड्या, कोंबड्यांची पाटी, सगळं बिऱ्हाड रस्त्याच्या कडेला उतरवलं आणि त्यावर ठाण मांडून बसली.

“ह्ये काय गं?” मालोजी ओरडला.

“शिंगरू इकायचं, तर बिऱ्हाड तुमी डोक्यावर घ्या. मी उठत न्हाई.”

“लोकं बघत्यात!”

“बघू द्यात. लंगडीच्या वक्ताला गप बसले. आता न्हाई म्हंजे न्हाई.”

मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. वाल्मिकला हसू आवरेना. “काका, आधी घरातलं मिटवा, मग बोलवा,” म्हणत त्याने गाडीला किक मारली.

“तुझं तू निस्तर!” मालोजीने काठी खांद्यावर टाकली. “घाटात अडलं तर मला हाक मारू नगंस.” आणि तो तरातरा मेंढरांमागे निघून गेला.

तो वळणाआड जाईपर्यंत ठकी हलली नाही. मग तिने बिऱ्हाड पुन्हा लादलं, शिंगराला सोडून घोडीच्या पुढे आणलं. ते लगेच चालू लागलं. ठकीने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“दमानं चल रं राजा. फुडं वळणं हायती, अन् तुज्या आईला दिसत न्हाई.”