धोंड्याची मोटार

धोंड्याच्या महिन्यात जावई वीरेश माझ्या लेकीला, शिवांजलीला, परळीला सोडायला आला अन् गॅरेजच्या दारातूनच गुरगुरला, "मामा, यंदा धोंड्याला मोटार पाहिजे. न्हाईतर हिला इथंच ठेवून घ्या."

लग्नात मीच दिलेली मोटारसायकल फुकट दुरुस्तीला टाकून तो एसटीनं परत गेला. माझं डोकं असं सणकलं, की हातातला पाना मी भिंतीवर फेकला. शिवांजलीनं तो उचलून परत माझ्या हातात दिला.

गॅरेजच्या मागं इंजिन नसलेली एक छोटी मोटार सडत पडलती. आमी बापलेकीनं तिच्यात इंजिन बसवलं, कार्बोरेटर चढवला. पेट्रोलच्या नळ्या तर शिवांजलीनं अशा आवळल्या, जशी कुणाची मानगूटच हाती लागलीय.

धोंडे खाऊन झाल्यावर वीरेशनं मोटारीतून गल्लीभर फटफटत चक्कर मारली. मिशीवर हात फिरवत उतरला. "लई झ्याक! चल गं, बस. अन् मामा, माझी मोटारसायकल कुठाय?"



"बॉनेट उघडा," शिवांजली म्हणाली, "त्यातच हाय. अन् मी इथंच ऱ्हाणार हाय."