अब्बांची निळी स्कूटर

इगतपुरीला जाता जाता झीशाननं एकदम गाडी भावली धरणाच्या रस्त्याला वळवली. शेजारी बसलेल्या रविराजला म्हणाला, "चल रव्या, आपलं वळण बघून येऊ!"

कॉलेजात असताना दोघं अब्बांच्या निळ्या स्कूटरवरून इथं यायचे. मागं रविराज, त्याच्या मांडीवर अम्मीनं दिलेला खिम्याचा डबा. एकदा त्या वळणावर पाठीमागून हॉर्न वाजला. रविराजनं वळून पाहिलं आणि झीशानला स्कूटर पळवायला लावली.

"काय बघितलं होतंस रे तेव्हा?"

"कोणास ठाऊक. विसरलो." रविराज हसला.

वळण आलं. उघड्या काचेतून खिम्याचा वास आला. पुढं निळी स्कूटर चालली होती. झीशानचा हात आपसूक हॉर्नवर गेला.

मागं बसलेल्या पोरानं डबा सावरत वळून पाहिलं आणि तो रविराजच्याच कोवळ्या आवाजात ओरडला, "झीशान, पळव! गाडीत कोणीच नाही!"