तीन ठिकाणी तपासून

"गोळी सात दिवस बंद ठेवायची. आपल्या राघोने ठेवलेली," गाल दाबून धरत सहादेव म्हणाले. "दाढ निघाली, रक्ताचा थेंब नाही."

"आणि राघोकाका पुढच्याच महिन्यात गेले," त्यांचा मुलगा बुद्धभूषण म्हणाला.

"तो काय दाढेने गेला? अ‍ॅटॅकने गेला."

बुद्धभूषणने कपाळावर हात मारला. शांती नगरच्या त्या दोन खोल्यांत चार दिवस हाच विषय चालला होता. सहादेवांची दाढ किडली होती, भाकरीचा तुकडा चावत नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदललेली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. केबिन रोडवरच्या डेंटिस्ट ममता मॅडमनी हात जोडले होते, "अंकल, गोली चालू रखी तो खून बहेगा, बंद की तो जान को खतरा. हार्टवाले डॉक्टर से लिखवा के लाओ, फिर हाथ लगाऊंगी."

आणि हार्टवाले डॉक्टर वीस दिवसांसाठी परदेशात. त्यांच्या दवाखान्यातल्या बाईचं फोनवर एकच पालुपद, सर आल्यावर या.

"दुसऱ्याला दाखवू की," आई, वैजयंता म्हणाली.

"दुसरा पहिल्यापासून सगळ्या टेस्ट करायला लावेल. मी बघतो काय ते," बुद्धभूषण म्हणाला.

"बघायचंय काय त्यात? सात दिवस," सहादेव पुन्हा म्हणाले.

म्हाताऱ्याला सल्ला द्यायची भारी हौस. पोस्टात पस्तीस वर्षं काढली, पण बोलायला लागले की वाटावं, सिव्हिल सर्जन रिटायर झालाय. त्यात धाकट्या मानसीची फूस. ती कुठल्याशा कंपनीसाठी घरून टायपिंग करायची, दिवसभर लॅपटॉपवर टकटक. मध्येच मान वर न करता विचारायची, "पप्पा, काविळीत काय खाऊ नये? पप्पा, मुतखड्याला काय?" की पप्पा खूश! एका प्रश्नाला चार उत्तरं. बापलेकीच्या या खेळाचा बुद्धभूषणला वैताग यायचा. टायपिंगला नोकरी म्हणतात, याचाही यायचा.

"पप्पा, विहारात दर रविवारी तुम्हीच सांगता ना? कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून घ्या. मग मी तपासणार."

पोराने आपलीच शिकवण आपल्या तोंडावर मारली याचा अभिमान सहादेवांच्या सुजलेल्या गालावरही दिसला.

तपासण्यात बुद्धभूषणचा हात धरणारा कुणी नव्हता. अंधेरीच्या ऑफिसात तो दिवसभर लोकांचे विम्याचे कागदच तपासायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं तो उघडायचाही नाही. इंटरनेटवरच्या ज्या पानावर तेलाची, चूर्णाची जाहिरात, ते बंद. डॉक्टरचं नाव नाही, ते बंद. दोन दिवस जेवणाची सुट्टी घालवली तेव्हा हवं ते सापडलं. सोपं, स्वच्छ मराठी. वर हृदयरोगतज्ज्ञाचं नाव, डिग्री, फोटो. दात काढण्यापूर्वी ही गोळी सात दिवस बंद ठेवावी, असं सरळ लिहिलेलं.

तरी पठ्ठ्याने घाई केली नाही. आणखी दोन वेबसाइट शोधल्या. तिथेही सात. तिन्ही ठिकाणचे कागद छापले आणि सातच्या आकड्यावर पिवळा मार्कर मारला.

"हार्ट स्पेशालिस्टने लिहिलंय. सात दिवस," घरात पाऊल टाकताच तो म्हणाला.

"घ्या!" सहादेव दाढ विसरून हसले. "मी काय बोंबलत होतो?"

"घरात एवढा मोठा डॉक्टर," वैजयंताने पदर तोंडाला लावला, "अन् पोरगं फिरतंय. काखेत कळसा, गावाला वळसा!"

मानसीने कानातून इअरफोन काढला. "स्पेशालिस्टने लिहून दिलं ना दादा? मग टेन्शन नाही."

"मी कच्चं काम करत नाही," बुद्धभूषण म्हणाला आणि कागद पप्पांच्या फाइलीत लावून टाकले.

ममता मॅडमनी कागदावरचं नाव वाचलं, डिग्री वाचली. "पक्का ना?"

"तीन जगह चेक किया है, मॅडम."

गोळी बंद झाली, सातव्या दिवशी दाढ निघाली. खरंच, रक्ताचा थेंब नाही. सहादेवांनी मॅडमना राघोची गोष्ट ऐकवली, घरी येताना आइस्क्रीम मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. तोंड एका बाजूला वाकलं होतं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण आयुष्यभर न थांबलेल्या त्या तोंडातून एक शब्द फुटेना.

"मेंदूत गुठळी गेलीय," हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले. "जगतील का, ते आज सांगता येत नाही. गोळी कुणी बंद केली?"

बुद्धभूषणने फाइलीतून कागद काढले. डॉक्टरांनी तिन्ही शेजारी शेजारी धरले.

"अहो, हा एकच मजकूर आहे. एकाचा दोघांनी उचललाय. झडप बदललेल्या माणसाची ही गोळी अशी मनाने एक दिवस बंद करायची नसते. आणि हे डॉक्टर कोण? मी तरी यांचं नाव ऐकलेलं नाही." त्यांनी कागद बाकावर टाकले आणि ते आत गेले.

मानसीने ते उचलले. चार ओळी वाचल्या आणि बाकीचे दोन कागद उलटून बघितले.

"दादा... हे माझं आहे."

"काय तुझं?"

"मीच लिहिलंय. कंपनीला असं रोज लिहून द्यावं लागतं, दिवसाला दहा लेख. डॉक्टरचं नाव, फोटो ते लोक नंतर चिकटवतात."

बुद्धभूषणने कागद तिच्या हातातून ओढले, पिवळ्या सातवर बोट ठेवलं. "मग ते सात कुठून आणलेस तू? कुठे वाचलेलंस?"

मानसीने काचेपलीकडच्या खाटेकडे बघितलं.

"वाचायला वेळ कुठे असतो रे? पप्पांना विचारलं होतं."