वरचा तास

"गाडी रोज कोण चालू करतं?" मेकॅनिकने सहज विचारलं आणि सुनेने पटकन नजर दुसरीकडे वळवली.

सासरे बॉनेटला टेकून उभे होते. सासूबाई मागच्या सीटवर, दुखरे गुडघे कसेबसे सांभाळत बसल्या होत्या. गाडीच्या पडद्यावर आठवडाभर एकच ओळ उमटत होती: तेलाचं आयुष्य पाच टक्के, तेल लवकर बदला. सासऱ्यांना हे काही केल्या पटत नव्हतं. तेल बदलून जेमतेम सहा महिने झालेले, आणि गाडी बाहेर निघायची ती फक्त रविवारच्या भाजीपुरती. मग तेल संपलं कसं? एक तर गॅरेजवाल्याने जुनंच तेल ठेवून बिल लावलं, नाहीतर कुणीतरी गाडी परस्पर बाहेर नेतंय. दुसऱ्या शक्यतेवर त्यांचा जास्त भरवसा होता. येताना वाटेतच त्यांनी निकाल देऊन टाकला होता. जो कोणी सापडेल त्याच्या हाती यापुढे किल्ली लागणार नाही. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून ती थेट त्यांच्या खिशात जाईल.

घरात माणसं तीन. त्यांतल्या दोघांनाच गाडी चालवता येत होती, आणि एक तर न्यायाधीशच होता. 'जो कोणी' हा नुसता बोलण्याचा भाग होता.

सुनेचा नवरा जहाजावर. जाताना सांगून गेला होता की अधूनमधून गाडी चालू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल. सुरुवातीला ती इमानेइतबारे पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायची. पाचाची पंधरा कधी झाली आणि पंधराचा अर्धा तास कधी झाला, तिचं तिलाच कळलं नाही. संध्याकाळी कचरा टाकायला म्हणून खाली उतरायचं, गाडीत बसायचं, काचा वर करायच्या, इंजिन सुरू करायचं आणि हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचं. बाकी काही नाही. कधी रडू यायचं, बहुतेकदा तेही नाही.

वर घरात त्यासाठी जागाच नव्हती. निवृत्त झाल्यापासून सासऱ्यांनी घराचं ऑफिस करून टाकलं होतं, आणि हाताखाली माणसं काय ती या दोघी. फोन कोणाचा होता? एवढा वेळ काय बोलत होतीस? ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून काम करायची, तर समोरच्या खुर्चीत ते हजर. न्हाणीघरात जरा वेळ लागला की दारावर टकटक. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही. पण तिचा जीव गुदमरायचा, आणि हे कोणाला सांगावं तर सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गाडीतला तो अर्धा तासही तिला पुरता मिळत नव्हता. रोज खाली जावं तर सीट पार मागे सरकवलेली असायची. सासरे येऊन तपासून जातात, दुसरं कोण? ती मुकाट्याने सीट पुढे घ्यायची.

मेकॅनिकने हात पुसले. "किलोमीटर बघू नका, काका. तेलात किती दम उरलाय ते गाडी स्वतः ठरवते. इंजिन किती वेळ चाललं, किती वेळा थंड असताना सुरू झालं, सगळं धरते. तिच्याच नोंदीत दिसतंय, ही गाडी नुसती उभ्या उभ्या चालू असते. रोजचा दीड तास तरी."

दीड? सून गोंधळली. तिचा तर अर्धाच होता. वरचा तास कुठून आला? पण विचार करायला सवड नव्हती. सासरे सावकाश तिच्याकडे वळले होते. आता किल्ली जाणार. उद्यापासून ती भिंतसुद्धा दिसणार नाही. कबूल करून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"मी बसते गाडीत," मागून सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांना हसूच आलं. "अगं, तुला ती चालू तरी करता येते का?"

"ब्रेकवर पाय ठेवायचा आणि बटण दाबायचं. त्यात काय एवढं?"

"आणि बसून करतेस काय?"

"काही नाही."

आयुष्यभर सासऱ्यांना प्रत्येक उत्तरावर पुढचा प्रश्न सुचत आला होता. या उत्तरावर सुचला नाही. तेल बदलून झालं, पडद्यावर शंभर टक्के आलं. घरी पोचल्यावर त्यांनी किल्ली खिशातून काढली, टेबलावर ठेवली आणि खोलीत निघून गेले. सासूबाईंनी ती उचलून पुन्हा खिळ्याला अडकवली.

सुनेचे डोळे भरून आले. या घरात आपली बाजू कोणी घेईल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन ती हळूच म्हणाली, "आई, माझ्यासाठी तुम्ही केवढं खोटं बोललात."

सासूबाई ओट्यावरची भांडी जागेवर लावत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"खोटं कशाला बोलू? तू संध्याकाळी बसतेस. दुपारी हे झोपले की मी बसते." हातातलं पातेलं त्यांनी फळीवर पालथं घातलं. "फक्त उठताना सीट मागे सारत जा. माझे गुडघे अडकतात."